बोटीवरील मेजवानीचा पोशाख

कर्जतहून सुटलेली लोकल सुमारें १०० किलोमीटरांचा पल्ला संपवून मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवर येऊन थांबते. तेथून बॅलार्ड पिअरचा धक्का अगदीं जवळ आहे. घाटाच्या पायथ्याशीं राहणाऱ्या, भाताच्या खाचरांत वाढलेल्या कर्जत-खालापूरच्या माणसालाहि म्हणून आज समुद्र फारसा दूर राहिलेला नाहीं. पूर्वीं बोटीनें जाई तो विद्यार्थी, व्यापारी किंवा सरकारी अधिकारी. त्याला कोठें तरी पोंचावयाचें असे. आतां कोठेंहि पोंचण्याची घाई नसतां, चार दिवस पाण्यावर राहावें, गोवा किंवा लक्षद्वीप पाहावें आणि परत यावें, एवढ्याचसाठीं माणसें सहकुटुंब बोटीवर चढतात.

परंतु तिकिटांबरोबर कधीं कधीं एक सूचनापत्रक येतें, आणि त्यांत एक लहानशी ओळ असते: अमुक संध्याकाळीं भोजनगृहांत समारंभास शोभेल अशा पोशाखांत यावें. ओळ लहान, पण तिनें घरांत उडणारा गोंधळ लहान नसतो.

कर्जतच्या बाजारपेठेमागील एका घराची कल्पना करावी. आजोबांचें सहस्रचंद्रदर्शन झालें, त्या आनंदांत मुलानें सर्वांचीं तिकिटें काढलीं. आजोबांचा पोशाख जन्मभर एकच: धोतर, सदरा, बाहेर जातांना काळा कोट आणि टोपी. आजींचें माहेर खालापूरकडचें. त्यांनीं नऊवारीखेरीज कांहीं नेसलेलें कोणी पाहिलेलें नाहीं. पत्रक वाचून मुलगा म्हणतो, “बाबा, तुम्हांला एक सूट शिवून टाकूं.” सूनबाई चांचरत म्हणतात, “आई, त्या एका संध्याकाळपुरतं तुम्ही सहावारी नेसाल का?” आजी क्षणभर गप्प राहतात आणि म्हणतात, “तुम्ही सगळीं जा. मी आपली घरींच बरी. तुळशीला पाणी घालायला कोणी तरी हवंच.” चार दिवस तुळशीला पाणी घालावयास शेजारीण आहे, हें घरांत सर्वांस ठाऊक असतें. आजींच्या मनांतलें कारण निराळें असतें. आपल्यामुळें मुलासुनांस चारचौघांत खालीं पाहावें लागेल, ही ती भीति.

ही भीति नवी नव्हे. समुद्र ओलांडण्याइतकीच ती जुनी आहे. विलायतेच्या जुन्या बोटींवर पहिल्या वर्गाच्या भोजनास निराळा पोशाख करून जाण्याचा दंडक असे. प्रवाशांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत. कांहीं पेट्या खोलींत ठेवण्याच्या, कांहीं प्रवासांत लागतील अशा, तर कांहीं बंदर येईपर्यंत न लागणाऱ्या. ही शेवटची पेटी एकदां जहाजाच्या पोटांत गेली कीं हातीं लागणें कठीण. मेजवानीस काय ल्यावें, याचा निर्णय म्हणून किनारा सोडण्यापूर्वींच करावा लागे.

४ सप्टेंबर १८८८ रोजीं अठरा वर्षांचा एक तरुण मुंबईहून ‘क्लाइड’ नांवाच्या बोटीनें निघाला. त्याचें नांव मोहनदास गांधी. त्यानें मोठ्या हौसेनें कपडे शिवून घेतले होते. बोटीवर त्यानें काळा पोशाख वापरला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट उतरण्याच्या दिवसासाठीं राखून ठेवला. वास्तविक त्या सबंध प्रवासांत तो भोजनाच्या मेजावर जावयासहि धजत नव्हता. कांटे-चमचे कसे धरावे हें ठाऊक नाहीं, कोणत्या पदार्थांत मांस आहे हें विचारण्याचें धैर्य नाहीं. बरोबर आणलेली मिठाई आणि फळें खोलींत बसून खावीं, असा त्याचा क्रम होता. शेवटीं विलायतेचा किनारा आला आणि त्यानें तो पांढरा सूट चढविला. सप्टेंबर अखेरीचे दिवस. पाहतो तों पांढऱ्या कपड्यांत तोच एकटा! दुसऱ्यांसारखें दिसावें म्हणून घेतलेल्या वस्त्रानेंच त्याला सर्वांहून निराळें पाडलें. हा प्रसंग त्यांनीं पुढें आपल्या आत्मकथेंत मोकळ्या मनानें सांगितला आहे.

या प्रसंगापूर्वीं पांचच वर्षें, एप्रिल १८८३ मध्यें, कल्याणच्या जोशी घराण्यांत वाढलेली एक मुलगी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाली. तिचेंहि वय अठराच. तिला आज आपण डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून ओळखतों. निघण्यापूर्वीं श्रीरामपूर येथील जाहीर व्याख्यानांत, आपण हिंदु म्हणूनच जाऊं आणि हिंदु म्हणूनच परत येऊं, असें त्यांनीं निक्षून सांगितलें होतें. लुगडें सोडावयाचें नाहीं हा त्यांचा निश्चय होता. परंतु महाराष्ट्रीय पद्धतीनें काचा मारून नेसलेल्या नऊवारींत पोटऱ्या उघड्या राहतात, आणि फिलाडेल्फियाची थंडी कांहीं आपल्या माघ महिन्याची थंडी नव्हे. आनंदीबाईंनीं विचार केला आणि त्या गुजराती पद्धतीनें साडी नेसूं लागल्या. वस्त्र आपलेंच राहिलें. नेसण्याची तऱ्हा मात्र हवेप्रमाणें बदलली. काय सोडावयाचें नाहीं आणि कशांत तडजोड करावयाची, यांतील सीमारेषा त्यांनीं स्वतः आंखली, दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांकडे पाहून नव्हे.

१० ऑक्टोबर १८८५ या दिवशीं त्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अधिष्ठात्यांनीं स्वागतसमारंभ केला होता. त्या वेळचें एक छायाचित्र आज प्रसिद्ध आहे. त्यांत तीन विद्यार्थिनी आहेत: हिंदुस्थानच्या आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघीहि आपआपल्या देशाच्या पोशाखांत आहेत. समारंभ अमेरिकेंतला, यजमान अमेरिकन. तरी त्या चित्राकडे पाहतांना तिघींपैकीं एकीचाहि पोशाख त्या प्रसंगास शोभत नाहीं, असें कोणाच्या मनांत येत नाहीं. उलट त्या पोशाखांमुळेंच चित्राला भारदस्तपणा आला आहे.

मोहनदास गांधी पुन्हां मुंबईच्या धक्क्यावरून निघाले ते २९ ऑगस्ट १९३१ रोजीं, ‘राजपुताना’ बोटीनें, गोलमेज परिषदेसाठीं. या वेळीं अंगावर पंचा आणि शाल. सोबत्यांनीं फार सामान घेतलें आहे असें दिसतांच त्यांतील कांहीं पेट्या त्यांनीं एडनहून परत पाठवावयास लावल्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत इंग्लंडच्या राजवाड्यांतील चहापानासहि ते त्याच वेषांत गेले. १८८८ ची ती पांढऱ्या सुटाची पेटी आणि १९३१ चा तो पंचा यांमध्यें त्रेचाळीस वर्षांचें अंतर आहे. या काळांत माणूस बदलला. आणि मेजवानी देणाऱ्यांनाहि आपला नियम थोडा बाजूस ठेवावा लागला.

अर्थात् प्रत्येक दार इतक्या सहजीं उघडलेलें नाहीं. २०१४ सालींसुद्धां मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींस वेष्टी, म्हणजे आपल्या भाषेंत धोतर, नेसून आल्याबद्दल एका क्लबाच्या कार्यक्रमांत प्रवेश नाकारला गेला. त्यावर एवढा क्षोभ उसळला कीं तामिळनाडूच्या विधानसभेनें त्याच वर्षीं कायदा करून असा मज्जाव बेकायदा ठरविला. आजींची भीति म्हणजे केवळ म्हातारपणींचा संकोच, असें म्हणतां येत नाहीं, तें यासाठींच. असे अपमान घडले आहेत आणि ते लोकांच्या स्मरणांत आहेत.

मग त्या पत्रकांतील ओळीचा अर्थ काय? तिचा अर्थ सूट असा नव्हे. समारंभाच्या संध्याकाळीं गडद रंगाचा सूट किंवा डिनर जॅकेट पाहिजे, हा पाश्चात्य रिवाज खरा. परंतु क्युनार्डसारखी, या बाबतींत काटेकोर समजली जाणारी कंपनीहि आपल्या देशाचा समारंभाचा पोशाख त्याच्याच बरोबरीचा मानते. जरीकांठी साडी, बंद गळ्याचा कोट, शेरवानी, स्वच्छ धोतरावर कोट आणि उपरणें, हें सर्व त्या व्याख्येंत बसतें. ज्याला यांतलें कांहींच नको, त्याच्यासाठीं बहुतेक बोटींवर पोशाखाचें बंधन नसलेलें दुसरें उपाहारगृह असतें; उपाशीं कोणी राहत नाहीं. शंका असल्यास तिकिटें काढतांनाच कंपनीला स्पष्ट विचारून उत्तर लेखी घ्यावें, म्हणजे दाराशीं वाद नको.

शिवाय ज्याला आपण साहेबी थाट म्हणतों, त्यांतलाहि एक धागा आपल्याकडचा आहे. डिनर जॅकेटखालीं कमरेभोंवतीं जो रुंद पट्टा बांधतात, त्याला इंग्रज ज्या नांवानें ओळखतो तें आपल्या ‘कमरबंद’ या फारसी शब्दाचेंच रूप आहे आणि तें हिंदुस्थानांतूनच तिकडे गेलें. तांबड्या समुद्रांतील उकाड्यांत आरमारी अधिकारी कोट काढून नुसत्या सदऱ्यावर हा पट्टा बांधून जेवावयास बसत. हवेपुढें साहेबालाहि कोट उतरावा लागला. आनंदीबाईंनींहि हवेपुढेंच नेसण्याची तऱ्हा बदलली होती. बदल करावा तो अशा कारणासाठीं, लाजेपोटीं नव्हे.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. कर्जत-खालापूरच्या पावसाळ्यांत कपाटांतील रेशमी वस्त्रांस ओल धरते आणि बुरशीचे ठिपके पडतात. बोटींचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो. तेव्हां आश्विनाचें ऊन पडूं लागलें कीं शालू-पैठण्या काढून सावलींत वाऱ्यावर टाकाव्या. एकाच घडीवर वर्षानुवर्षें राहिलेली जर त्या घडीवरच तुटते. म्हणून घडी मोडून नवी घालावी आणि वस्त्र धुतलेल्या मलमलींत गुंडाळून ठेवावें. बोटीवरील खोलींत इस्त्री नेण्यास बहुधा बंदी असते, आगीच्या भीतीनें. कडक खळीचें सुती धोतर पेटींत चुरगळलें तर तेथें इलाज कठीण. त्यापेक्षां रेशीमकांठी, मऊ पोताचें धोतर गुंडाळी करून न्यावें.

भोजनगृहांत यंत्रानें हवा गार केलेली असते आणि डेकवर वारा जोराचा असतो. शाल किंवा उपरणें म्हणून अवश्य असावें, आणि पदर पिनेनें पक्का करावा. बोट हलते, जिने अरुंद असतात, कांहीं दारांचे उंबरे उंच असतात; अशा ठिकाणीं उंच टांचेचा जोडा आणि पायघोळ साडी यांपेक्षां सपाट चप्पल आणि काचा मारलेली नऊवारी अधिक निर्धोक. भाताचीं आवणीं करतांना जें नेसणें चिखलांत पाय मोकळे ठेवी, तेंच हलत्या बोटीवरहि उपयोगी पडतें. दागिने बेतानेंच न्यावे. आणि एका रात्रीसाठीं नवा सूट शिवावयाचा झालाच, तर तो पुढें मुलामुलींच्या लग्नांत चार वेळां अंगावर चढेल कीं नाहीं, एवढा विचार आधीं करावा. उसनवारी करून घेतलेल्या कपड्यांत घांस गोड लागत नाहीं.

तरुणांनीं मात्र एक ध्यानांत ठेवावें. आपला पोशाख चालतो याचा अर्थ कसाहि चालतो असा नव्हे. आजी कार्यास निघतांना धुवट लुगडें, नीट घातलेला अंबाडा आणि नथ याविना उंबरा ओलांडीत नाहींत; सूचनापत्रक जें मागतें तें याहून निराळें नाहीं. ज्यांच्या पंगतीला बसावयाचें त्यांच्या मानासाठीं थोडे श्रम घ्यावे, ही रीत आपल्या घरांत पत्रक येण्यापूर्वींपासून आहे. सोंवळें नेसून नैवेद्य दाखविणाऱ्या घराला जेवणासाठीं वस्त्र बदलावें हें कोणी नव्यानें शिकवावयास नको.

म्हणून त्या कर्जतच्या घरीं सूनबाईंनीं आपला प्रश्न फिरवून विचारावा. “सहावारी नेसाल का?” असें न विचारतां, “आई, त्या संध्याकाळीं मलाहि नऊवारी नेसवाल का?” असें विचारावें. मुलानें शिंप्याकडे जावें तें सुटाचें माप देण्यासाठीं नव्हे, तर आजोबांच्या जुन्या काळ्या कोटाचें अस्तर बदलून आणि गुंड्या घट्ट करून घेण्यासाठीं. मग तुळशीला पाणी घालण्याचें काम शेजारणीकडे सोंपवून आजी लोकलमध्यें खिडकीशीं बसतील, आणि त्यांच्या मांडीवर मलमलींत गुंडाळलेली पैठणी असेल.