घराचा पाया आणि घराची ऊब



“भूमिती शिकून पुढे उपयोग काय?” असे विद्यार्थी विचारतात आणि पालकही. आता हिशेब संगणक करतो, म्हणून हा प्रश्न अधिकच ऐकू येतो. त्याचे उत्तर म्हणून एका दूरच्या शहराचे उदाहरण आपल्यापुढे ठेवतो.

फिनलंडची राजधानी हेलसिंकी सुमारे 60 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथील हिवाळ्यात घर तापविणे ही चैन नसून निकड आहे. बहुतेक इमारतींना जमिनीखालच्या नळांतील गरम पाण्याने ऊब मिळते. त्यासाठी अनेक वर्षे कोळसा जळत असे; 2025 साली तेथील ऊर्जा कंपनीने तो बंद केला. अशा शहरात नवी साधने कोठे व किती बसवावीत हे ठरविताना कोणत्या वस्तीला किती उष्णता लागते, याचा नकाशा उपयोगी पडतो.

तो पायथन या संगणकभाषेत करता येतो. प्रत्येक इमारतीने व्यापलेल्या जमिनीची बाह्यरेषा म्हणजे एक बहुभुज. जिओपांडाज हे साधन अशा हजारो बहुभुजांचे क्षेत्रफळ झटपट काढते. समजा, एक इमारत 12 मीटर लांब व 10 मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ 120 चौरस मीटर. मजले 3, म्हणून 360. दर चौरस मीटरला वर्षाकाठी 100 किलोवॅट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलातील 100 युनिट, धरल्यास मागणी 36,000 युनिट होते. घर जुने असेल तर हा दर वाढतो. शेवटी शहरावर 100 मीटरच्या चौकटी आखून प्रत्येक चौकटीतील मागणीची बेरीज करावयाची. घर दोन चौकटींत पडले, तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी.

हे सोपे दिसते. पण येथेच भूगोल आडवा येतो. संकेतस्थळांवरील नेहमीचे नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात. त्यात 60 अंशांवर लांबी दुप्पट होते आणि रुंदीही दुप्पट. म्हणजे क्षेत्रफळ चौपट! आपले 36,000 युनिट 1,44,000 होतात. मुंबईच्या अक्षांशावर ही वाढ सुमारे 12 टक्केच असते, म्हणून ती सहज नजरेतून सुटते. उपाय एकच : क्षेत्रफळ काढण्यापूर्वी नकाशा त्या देशाच्या मीटरमधील पद्धतीत बदलून घेणे.

दुसरा धोका सदोष आकृतीचा. घराची रेषा स्वतःलाच छेदून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी झाली, तर एका भागाचे क्षेत्रफळ दुसऱ्यातून वजा होते. तेच घर दोनदा नोंदलेले असते. न तापविलेली कोठारेही यादीत असतात. हे सर्व आधी निवडावे लागते, जसे तांदूळ शिजविण्यापूर्वी खडे.

मित्रहो, या चुका झाल्या तरी संगणक तक्रार करीत नाही. तो शांतपणे उत्तर देतो. त्या उत्तरावर रस्ते खोदले जातात, नळ घातले जातात, लोकांचा पैसा खर्च होतो. “एवढ्याशा घराला एवढी उष्णता कशी?” हा प्रश्न माणसानेच विचारावयाचा असतो, आणि ज्याने वर्गात क्षेत्रफळ व अक्षांश मन लावून शिकले, त्यालाच तो सुचतो.

म्हणून पालकांना विनंती, की मुलामुलींना संगणक जरूर शिकवा. परंतु त्यासाठी भूमिती-भूगोलाचा तास बुडू देऊ नका. विद्यार्थ्यांनो, यंत्राला विचारण्यापूर्वी उत्तराचा अंदाज वहीत लिहीत जा.