आधी प्रश्नाची फोड, मग शोध



घरात कुणाला क्षयाचं निदान झालं, की पहिली धास्ती बसते ती बाकीच्या माणसांची. लहान लेकरं आहेत, म्हातारी आई आहे; रुग्णाला घरी ठेवायचं की दूर पाठवायचं? या प्रश्नाचं उत्तर आपल्याच देशात, चेन्नईत म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, शोधलं गेलं आणि छापूनही आलं. तरी एखादी नर्सिंगची विद्यार्थिनी आज ते शोधायला संगणकावर बसली, तर ते तिच्या हाती लागेलच असं नाही. ते हाती कसं लागावं, याविषयी आज बोलायचं आहे.

हे उत्तर शोधलं गेलं त्या काळी क्षय म्हटला की सॅनेटोरियम, म्हणजे क्षयरुग्णांना ठेवून घेणारं रुग्णालय. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडी, तिकडे मद्रासजवळ तांबरम. पण खाटा थोड्या आणि रुग्ण अफाट. 1956 साली मद्रासमध्ये ‘ट्युबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटर’ सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद अशा चौघांचं ते काम. शहरातल्या गरीब कुटुंबांतले रुग्ण निवडून, कुणी घरी राहायचं आणि कुणी सॅनेटोरियममध्ये, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता यदृच्छेनं ठरवलं. औषधं दोघांनाही तीच, वर्षभर. सॅनेटोरियममध्ये विश्रांती होती, चांगला आहार होता. घरी दाटीवाटी आणि अपुरं अन्न. तरीही घरचे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले. हा अहवाल 1959 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये आला. पुढे 1966 साली एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरच्या माणसांचा पाच वर्षांचा हिशेब मांडला. उपचार सुरू झाल्यावर रुग्ण घरी राहिला म्हणून घरच्यांना जास्त लागण झाली, असं दिसलं नाही.

आता आपली विद्यार्थिनी ‘पबमेड’ उघडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही लेखसूची 1997 पासून सर्वांना मोफत खुली आहे आणि तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. विद्यार्थिनी ‘चेन्नई’ आणि ‘टीबी’ असे शब्द टाकते. हजारो नोंदी येतात, पण 1959 चा तो लेख त्यांत दिसत नाही. कारण त्याच्या शीर्षकात ना चेन्नई आहे ना मद्रास. तिथे ‘साउथ इंडिया’ लिहिलं आहे. ‘टीबी’ हा आखूड शब्दही नाही. इतक्या जुन्या नोंदींना बहुधा सारांश जोडलेला नसतो, त्यामुळे शोध शीर्षकावर आणि विषयशीर्षकांवरच, म्हणजे नोंदीला जोडलेल्या ठरावीक विषयनावांवरच, चालतो. शिवाय ‘ट्युबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटर’ या संस्थेचं नाव दोनदा बदललं. आज ती राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

यावरची वाट याच मद्रास शहरातल्या एका माणसानं दाखवून ठेवली आहे. शियाळी रामामृत रंगनाथन आधी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांची ग्रंथांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती 1933 साली प्रसिद्ध झाली. विषय कितीही गुंतागुंतीचा असो, त्याची फोड करायची: कोणता अवयव, कोणता रोग, कोणता उपचार, कुठे, केव्हा. मग ते तुकडे ठरावीक क्रमानं जोडायचे.

शोधतानाही हेच करा. प्रश्न आधी कागदावर लिहा आणि त्याचे तुकडे पाडा. रोग: फुप्फुसाचा क्षय. तुलना: घर आणि सॅनेटोरियम. माणसं: रुग्णाच्या निकट सहवासातले. प्रत्येक तुकड्यासमोर त्याची जुनी-नवी सगळी इंग्रजी नावं लिहा. एकाच तुकड्यातली नावं ‘ऑर’नं जोडा, म्हणजे जाळं रुंद होतं; वेगवेगळे तुकडे ‘अँड’नं जोडा, म्हणजे नेमकं तेवढंच उरतं. ‘ट्युबरक्युलोसिस’, ‘होम’ आणि ‘सॅनेटोरियम’ हे तीन शब्द ‘अँड’नं जोडले, की 1959 चा लेख समोर येतो. तिथे थांबू नका. त्या नोंदीला जोडलेली विषयशीर्षकं टिपून घ्या आणि ती घेऊन पुन्हा शोधा. त्याच्याशी मिळतेजुळते म्हणून दाखवलेले लेखही चाळा.

लेख सापडला म्हणजे काम संपलं, असं नाही. त्या वेळची औषधं आणि आजची औषधं वेगळी आहेत. औषधांना न जुमानणारा क्षय हा आजचा निराळा प्रश्न आहे. म्हणून अलीकडचे आढावा-लेख वाचा, लेख मागे घेतल्याची सूचना आहे का तेही बघा. उपचार मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. संपूर्ण लेखासाठी पैसे मागितले, तर सरकारी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी आपल्या ग्रंथपालांना गाठावं. 2025 पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून जवळपास तेरा हजार नियतकालिकं अशा संस्थांना खुली झाली आहेत.

मला मनापासून वाटतं, की प्रत्येक नर्सिंग आणि वैद्यकीय महाविद्यालयात शोध घेण्याची ही रीत पहिल्याच वर्षी, ग्रंथपालांच्या हातून शिकवली जावी. मद्रासच्या गरीब कुटुंबांनी वर्षानुवर्षं तपासण्या करून घेतल्या, म्हणून जगाला हे उत्तर मिळालं. त्यांचं ते देणं गरज असलेल्या माणसापर्यंत पोचवायचं, तर ते शोधता आलंच पाहिजे.