आमच्या राईस मिलचे बुश
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



माझी सगळी नोकरी बेअरिंग, बुश आणि त्यांची झीज यांतच गेली, म्हणून संयोजकांनी "तुझ्या कामाविषयी बोल" असं सांगितलं. कामापेक्षा एक चूक सांगतो. ती आपल्या जिल्ह्यातच, आमच्या घरच्या राईस मिलमध्ये केली.

मी नुकताच इंजिनिअर होऊन आलो होतो. मिलच्या लाइन शाफ्टच्या बेअरिंगना व्हाइट मेटलचं अस्तर होतं. ते झिजलं की मिस्त्रीकाका नव्यानं ओतायचे. शाफ्टला दिव्याची काजळी धरायची, म्हणजे धातू चिकटत नाही. वितळलेल्या धातूत लाकडाची काडी बुडवून ती किती करपते ते पाहायचं. ओतून झालं की निळा रंग लावून स्क्रेपरनं उंचवटे काढत बसायचं. सुरीनं कापला जाईल असा धातू कशाला, असं मला वाटे. मी नागपूरहून फॉस्फर ब्रॉन्झचे बुश करून आणले. बाबा काही बोलले नाहीत. काका एवढंच म्हणाले, "बुश नाही झिजला तं शाफ्ट झिजल, बापू."

ऐन हंगामात शाफ्ट तापून अडकला. काढला तर बुश बरे होते, शाफ्टवर मात्र बोटाला लागतील अशा चऱ्या. तो लेथवर जाऊन येईपर्यंत मिल बंद. शेतकरी आपली पोती उचलून दुसरीकडे गेले. काही पुन्हा आलेच नाहीत.

दोष तुसाच्या धुळीत होता. धानाचा तूस जाळला तर वजनाच्या साधारण २० टक्के राख उरते, आणि ती बहुतेक सिलिका असते. शिवाय खळ्यावरची रेती. सर, तुम्ही आठवीत वैनगंगेतली गारगोटी काचेवर ओढून दाखवली होती. मला त्या प्रश्नाला पूर्ण गुण होते!

व्हाइट मेटलचं पेटंट अमेरिकेत आयझॅक बॅबिट यांनी १८३९ साली घेतलं. त्यात बहुतांश कथील, थोडं अँटिमनी, थोडं तांबं. मऊ कथिलात कठीण स्फटिक विखुरलेले असतात. भार ते पेलतात, भोवतालचा मऊ भाग किंचित खचतो, तिथं तेल टिकतं. रेतीचा कण आला तर तो त्यात पुरता रुततो. फॉस्फर ब्रॉन्झ वाईट नाही, भार उलट जास्त घेतो. पण त्याला कठीण केलेला शाफ्ट आणि स्वच्छ तेल लागतं. आमचा शाफ्ट साध्या माइल्ड स्टीलचा. कण ब्रॉन्झमध्ये अर्धवट रुतून कानशीसारखा शाफ्टला घासत राहिला. पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्याचा पोरगा मिश्रधातूतच फसला.

पुढच्या हंगामाआधी मी काकांशेजारी बसून स्क्रेपर चालवला. निळा डाग राहिला की ते हातातून काढून घेत. पुढे नोकरीत झिजलेला बुश कुणी टेबलावर ठेवला, की मी आधी विचारत असे, शाफ्ट कशाचा आहे आणि धूळ कशाची आहे.

काका आता नाहीत. त्यांचा स्क्रेपर मी आज सोबत आणला आहे. चहाच्या वेळी जरूर पाहा, धार मात्र सांभाळून.