पोटरींतला गोळा

देवगिरी चढतांना एखाद्याच्या पोटरींत गोळा येतो, थांबतांच ओसरतो, चालूं लागतांच परततो. घरचीं माणसें त्यास वार्धक्य म्हणतात. पुष्कळदां तें रोहिणी अरुंद झाल्याचें लक्षण असतें.

जांघेंतून आलेली रोहिणी गुडघ्यामागून खालीं येऊन दुभंगते. एक शाखा नडगीकडून पावलाच्या पाठीवर उतरते, दुसरी आंतल्या घोट्यामागून तळव्यांत शिरते. तेथें त्या एकमेकींस मिळतात. म्हणून एक तुंबली तरी दुसरी कांहीं काळ निभावून नेते. विडी आणि मधुमेह दोघींनाही गांठतात. मधुमेह्याच्या बधिर तळव्यास तर कांटाही कळत नाहीं!

पावलाच्या पाठीवर हलकेंच बोट ठेवावें. तेथील ठोका कित्येक निरोग्यांसही लागत नाहीं. मग घोट्यामागें पाहावा. दोन्हीकडे नसल्यास तेल चोळीत बसूं नये, १९५६ सालच्या वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय, आपली ‘घाटी’, गांठावी.