गोळी आणि जनावर

पूर्वीं चांदा जिल्ह्याचें नांव काढलें कीं लोकांना वाघ आठवे आणि वाघापाठोपाठ बंदूक आठवे. त्या जुन्या जिल्ह्यांतून १९८२ सालीं गडचिरोली वेगळा झाला. शिकारीचा शौकही गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सुरू झालेली बंदी १९९१ च्या दुरुस्तीनें जवळजवळ पूर्ण झाली. मग आज गोळीविषयीं बोलण्याचें प्रयोजन काय? प्रयोजन असें कीं, गोळी लागतांच जनावर कोसळतें, अशी समजूत आपल्या सुशिक्षित घरांतूनही रूढ आहे. चित्रपटांत तसें होतें; रानांत सहसा होत नाहीं.

गोळी जनावराला ढकलून पाडीत नाहीं. तिच्या अंगीं तेवढा जोर असता, तर बंदुकीच्या उलट धक्क्यानें शिकारीच आधीं उताणा पडता. गोळी मारते ती आंतील मर्मस्थान फोडून. मेंदूला किंवा पाठीच्या कण्याला ती लागली तर जनावर जागच्या जागीं बसतें. पण हृदय फुटलेलें सांबरही मेंदूंतील रक्त टिकेपर्यंत शंभर पावलें धावून जातें, आणि मगच पडतें.

म्हणून कोणत्या जनावरासाठीं कोणती गोळी, हा प्रश्न महत्त्वाचा होता. शिशाच्या गोळीवर टणक धातूचें कवच असतें. टोंकाशीं शिसें उघडें ठेवलें तर गोळी देहांत शिरतांच अळंब्यासारखी फुलते आणि जखम रुंद करते. वाघाची कातडी पातळ व वजन दोनशे किलोंच्या आसपास. त्याला ही गोळी योग्य. परंतु ताडोब्याच्या बांबूबनांतील रानगव्याची गोष्ट निराळी. पूर्ण वाढलेला नर आठशे ते हजार किलोंचा. हलकी, वेगवान गोळी त्याच्या खांद्याच्या हाडावर फुटून विखुरते. वर भयंकर जखम दिसते आणि आंत हृदय शाबूत राहतें. तेथें संपूर्ण कवचाची, न फुलणारी, जड गोळी लागे. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीनें १९१२ सालीं काढलेली ‘.३७५ मॅग्नम’ रायफल या कामीं नांवाजली गेली. तिची ३०० ग्रेनची, म्हणजे सुमारें साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला अडीच हजार फुटांच्या वेगानें निघे. तरीही गव्याचें वजन तिच्या चाळीस हजार पटींहून अधिक!

नेमाचीही फसगत होई. गव्याच्या पाठीवरचा उंचवटा पाहून नवखा शिकारी वर नेम धरी. पण तो उंचवटा म्हणजे मणक्यांचीं उभीं हाडें आणि त्यांवरील मांस. हृदय असतें पार खालीं, पुढच्या पायांच्या मधोमध. वर लागलेल्या गोळीनें गवा क्षणभर खालीं बसे आणि उठून बांबूंत नाहींसा होई.

खरा प्रश्न येथून पुढें सुरू होतो. जखमी जनावराचा माग काढून त्याच्या यातना संपवाव्या, हा शिकारीचा पहिला धर्म. जो तो पाळीत नसे, त्याच्या चुकीची किंमत दुसरेच देत. चंपावतच्या वाघिणीनें चारशेंहून अधिक माणसें मारल्याची नोंद आहे. १९०७ सालीं जिम कॉर्बेट यांनीं तिला मारलें, तेव्हां तिचे उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले आढळले. जुन्या गोळीची ती जखम. त्यामुळेंच ती आपलें नेहमींचें भक्ष्य मारूं शकेना, असें कॉर्बेट यांनीं लिहून ठेविलें आहे. गोळी झाडणारा आपल्या घरीं सुखरूप गेला. नंतर रानांत लांकूडफाटा आणावयास गेलेल्या बायका मेल्या. चांद्याच्या रानांतही मोह वेंचणारी बाई आणि तेंदूपानें तोडणारा मजूर जखमी जनावराच्या वाटेंत येतात. बंदूकवाला येत नाहीं.

आजही या रानांत नेम धरला जातो, पण हेतु उलटा असतो. सीटी-१ या नांवानें नोंदलेल्या वाघानें वडसा, ब्रह्मपुरी व भंडारा या भागांत तेरा माणसांचे बळी घेतले. १३ ऑक्टोबर १९२२ नव्हे, २०२२ रोजीं — काल परवांचीच गोष्ट — वडशाच्या रानांत वनखात्यानें त्याला गुंगीचें औषध मारून पकडलें. अशी पिचकारी खोल शिरून चालत नाहीं; मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड मांसांत तिनें थांबावयास हवें. पोटांत गेली तर वाघ दगावण्याची भीति, हाडावर आपटली तर औषध वायां. आणि लागल्यावर लगेच कांहीं होत नाहीं. कित्येक मिनिटें थांबावें लागतें, आणि तेवढा वेळ जनावर नजरेआड होऊं द्यावयाचें नसतें.

साधन बदललें, तरी जबाबदारी तीच राहिली. चाप ओढला कीं काम संपत नाहीं. जनावर सांपडेपर्यंत तें ओढणाऱ्याच्याच माथीं असतें.