विद्यापीठांची आधारसामग्री : एकाने जमवावी, अनेकांनी वापरावी

(शिक्षक, पंचायत सदस्य, शासकीय कर्मचारी व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वही घेऊन गावात येणारा मनुष्य आता कोणाला नवा राहिलेला नाही. कधी तो जनगणनेचा असतो, कधी आरोग्य खात्याचा, तर कधी विद्यापीठातील एखादा संशोधक विद्यार्थी असतो. भात किती झाले, मजुरी काय दिली, घरात खाणारी माणसे किती, असे प्रश्न तो विचारतो आणि आपण कामधाम बाजूला ठेवून त्याला उत्तरे देतो. पुढे त्याचा प्रबंध तयार होतो, त्याला पदवी मिळते व प्रबंधाची प्रत ग्रंथालयात जाते. परंतु ज्या कागदांवर आपली उत्तरे उतरलेली असतात, त्या कागदांचे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तोच प्रश्न आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

संशोधनाच्या या मूळ नोंदींना ‘आधारसामग्री’ असे म्हणतात. मोजमापे, मुलाखतींची उत्तरे, पावसाचे आकडे, मातीच्या परीक्षणाचे निष्कर्ष, जुन्या दप्तरांतून उतरवून घेतलेल्या यादी, हे सर्व तिच्यात येते. प्रबंध हे या सामग्रीतून काढलेले एक उत्तर असते. त्याच सामग्रीत इतर अनेक प्रश्नांची उत्तरे दडलेली असतात, आणि ती कोणाला सापडतील हे सामग्री जमविणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही. म्हणून ती एका कपाटात किंवा एका संगणकात बंद राहू नये, सर्व विद्याशाखांच्या अभ्यासकांना ती मिळावी, असे माझे आजचे प्रतिपादन आहे.

हे नुसते तत्त्व वाटू नये म्हणून एक घडलेले उदाहरण सविस्तर सांगतो. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली ‘इक्रिसॅट’ ही कोरडवाहू शेतीचे संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर आणि भुईमूग ही तिची मुख्य पिके. नवे वाण काढण्यापूर्वी कोरडवाहू शेतकरी प्रत्यक्षात कसा जगतो हे समजून घ्यावे, या हेतूने संस्थेने १९७५ साली सहा गावांचा अभ्यास सुरू केला. त्यांपैकी चार गावे मराठी मुलखातील होती : सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, आणि अकोला जिल्ह्यातील कंझरा व किनखेडा. उरलेली औरेपल्ली व डोकूर ही दोन गावे त्या वेळच्या महबूबनगर जिल्ह्यातील होती. सोलापूरकडे भारी काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी, अकोल्याकडे मध्यम काळ्या जमिनीत खरिपाचा कापूस, तर महबूबनगरकडे तांबडी जमीन, अशी तीन निरनिराळी परिस्थिती या निवडीत मुद्दाम साधलेली होती.

प्रत्येक गावातून ४० कुटुंबे निवडण्यात आली. त्यांत ३० शेतकरी कुटुंबे लहान, मध्यम व मोठ्या जमिनीची, प्रत्येकी दहा, आणि १० भूमिहीन मजुरांची होती. स्थानिक भाषा बोलणारा व खेड्याची माहिती असलेला पदवीधर अन्वेषक गावातच मुक्काम करून राही. दर तीन-चार आठवड्यांनी तो प्रत्येक घरी जाऊन पेरणी, मजुरी, खरेदी-विक्री, उसनवारी, बैल व धान्य यांची विचारपूस करी. ही नोंद वर्षानुवर्षे चालली. मधल्या खंडानंतर २००१ पासून हे काम पुन्हा हाती घेण्यात आले.

आता या नोंदींतून काय काय निघाले ते पाहा. हान्स बिन्सवांगर या अर्थशास्त्रज्ञाने याच गावांतील शेतकऱ्यांना खरे पैसे पणाला लावून निवड करावयास सांगितली. शेतकरी जोखीम किती पत्करतो, याचा तो प्रयोग होता. बहुसंख्य शेतकरी, मग ते गरीब असोत की सधन, जोखमीच्या बाबतीत साधारण सारखेच सावध आहेत, असे त्याचे १९८० साली प्रसिद्ध झालेले अनुमान होते. गरीब शेतकरी नवे बियाणे लवकर घेत नाही, याचे कारण त्याच्या भित्र्या स्वभावात न शोधता, त्याला कर्ज व साधने मिळतात की नाही यात शोधले पाहिजे, अशी दिशा त्यातून मिळाली.

१९८९ साली मार्क रोझेनझ्वाइग व ओडेड स्टार्क यांनी तीच आकडेवारी घेऊन विवाहसंबंधांचा अभ्यास केला. मुली दूरच्या गावी का दिल्या जातात? पाऊस एका गावी हुकला तरी दूरच्या गावी तो हुकेलच असे नाही, आणि अशा वेळी सोयरे-धायरे उपयोगी पडतात. ज्या घरांची सोयरीक दूरवर पसरलेली होती, त्या घरांच्या खाण्यापिण्यावर पावसाच्या लहरीचा परिणाम कमी झालेला त्यांना दिसला. शेतीच्या वहीतून समाजशास्त्राचे उत्तर निघाले ते असे.

त्या वेळी शिकागो विद्यापीठात असलेले रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ साली आणखी एक प्रश्न विचारला. एखाद्या घराचे उत्पन्न बुडाले तर त्या घराचे खाणेही तितकेच बुडते काय? त्यांना असे आढळले की घरखर्च हा त्या घराच्या त्या वर्षीच्या उत्पन्नापेक्षा गावाच्या सरासरी खर्चाबरोबर अधिक चढतो-उतरतो. गावकरी एकमेकांना सावरून घेतात; मात्र भूमिहीनांना हा आधार तुलनेने कमी मिळतो. दारिद्र्यनिवारणाची योजना आखणाऱ्या अधिकाऱ्याला या एका वाक्याचे मोल किती आहे, हे मी सांगावयास नको.

याच गावांत आहाराचीही पाहणी झाली. लोकांच्या जेवणात प्रथिनांपेक्षा एकूण उष्मांक, कॅल्शियम व काही जीवनसत्त्वे यांचीच उणीव अधिक आहे असे आहारतज्ज्ञांना दिसले. ज्वारीतील प्रथिनांचा कस वाढविण्यापेक्षा उत्पादन व त्याची खात्री वाढविणे अगत्याचे आहे, हा विचार त्यामुळे बळावला. म्हणजे आहारशास्त्राच्या नोंदीने बीजशास्त्रज्ञाचे काम बदलले.

ही सामग्री जमविणाऱ्यांच्या मनात आरंभी हे सर्व प्रश्न नव्हते. सोयरिकीचा विचार करून कोणी बैलांची संख्या लिहून घेतली नव्हती. परंतु नोंद काळजीपूर्वक झाली, दीर्घकाळ चालली आणि दूरदूरच्या विद्यापीठांतील अभ्यासकांना ती मोकळेपणाने वापरावयास मिळाली. पुढे ती संगणकाद्वारेही उपलब्ध झाली. म्हणून शिरापूरच्या किंवा कंझऱ्याच्या शेतकऱ्याने दिलेला एक तास अनेक विद्याशाखांच्या कामी आला.

काळाच्या ओघात तर अशा नोंदीचे मोल वाढतच जाते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून १९१७ साली तो प्रसिद्ध केला. १७७१ साली तेथे सरासरी धारण ४० एकरांची होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली, हे त्यांनी आकड्यांनी दाखविले. जमिनीच्या तुकडेबंदीचा विषय शिकविताना हे आकडे आजही सांगितले जातात. ते पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहरात सामावून गेले आहे. शेते गेली, बांध गेले. त्या शेतीचा हिशेब मात्र ग्रंथात राहिला. नोंद जपली नसती तर तो हिशेब पुन्हा कोणालाही मांडता आला नसता.

वैद्यकशास्त्रातील एक उदाहरण तर आपल्या सर्वांच्या अनुभवाचे आहे. जानेवारी २०२० मध्ये कोरोना विषाणूच्या जनुकीय रचनेची माहिती चिनी शास्त्रज्ञांच्या एका गटाने सर्व जगासाठी खुली केली. त्या माहितीच्या आधारे ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी तपासणीच्या पद्धती व लसी यांचे काम ताबडतोब हाती घेतले. प्रत्येक देश आपापली नोंद दडवून बसता तर किती दिवस गेले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

मग हे सर्वत्र का होत नाही? त्याची तीन कारणे मला दिसतात, आणि तिन्हींना उपाय आहे.

पहिले कारण संशोधकाच्या मनातील धास्तीचे. उन्हातान्हात हिंडून मी सामग्री जमवावी आणि दुसऱ्याने आयता लेख लिहावा काय, असे त्याला वाटते. हे वाटणे अन्यायाचे नाही. म्हणून सामग्री ठराविक मुदतीनंतर खुली करावी, तिला पुस्तकाप्रमाणे कायम क्रमांक द्यावा आणि ती वापरणाऱ्याने मूळ संशोधकाचा नामनिर्देश केलाच पाहिजे, अशी रीत जगात रुळली आहे. पदोन्नतीच्या वेळी लेखांबरोबर अशा सामग्रीचीही गणना झाली, तर ही धास्ती पुष्कळ कमी होईल.

दुसरे कारण नोंदीच्या दुर्बोधतेचे. ‘उत्पन्न १२’ एवढेच लिहिलेले असेल तर त्या बारांचा अर्थ काय? बारा खंडी, बारा क्विंटल, की बारा हजार रुपये? आणि खंडी म्हटली तरी ती कोठली? खंडीचे माप प्रांतोप्रांती निराळे आहे, हे येथील वडीलधारी मंडळी जाणतातच. कोणते माप, कोणता महिना, प्रश्न कोणत्या भाषेत विचारला, उत्तर घरातील कोणी दिले, हे लिहून ठेवले नाही तर दुसऱ्या शाखेच्या अभ्यासकाला ती नोंद मुकी वाटते. २०१६ साली शास्त्रज्ञांच्या एका गटाने या संबंधात चार कसोट्या मांडल्या. सामग्री शोधता यावी, मिळविता यावी, दुसऱ्या सामग्रीशी जुळविता यावी आणि पुन्हा वापरता यावी, अशा त्या चार कसोट्या होत. चौथी कसोटी साधावयाची तर खंडीचा खुलासा हवाच.

तिसरे कारण सर्वांत नाजूक, आणि ते आपणा ग्रामस्थांशी निगडित आहे. आपण विश्वासाने सांगितलेले कर्ज, आजार किंवा घरातील कलह चव्हाट्यावर येता कामा नयेत. नाव गाळून त्या जागी क्रमांक घातला म्हणजे काम झाले असे नव्हे. वाड्यावर सोनाराचे एकच घर असेल, तर ‘सोनार’ एवढा शब्दही नाव सांगून जातो. म्हणून खुली करावयाची सामग्री आणि केवळ जबाबदार अभ्यासकांना अटींवर द्यावयाची सामग्री यांत भेद करावा लागतो. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संसदेने कायदाही केला आहे. तथापि कायद्याआधी सौजन्य येते. माहिती कशासाठी घेतली जात आहे व पुढे ती कोणाच्या हाती जाईल, हे माहिती देणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगितलेच पाहिजे.

शासनाच्या व विद्यापीठांच्या पातळीवर काही पावले पडली आहेत. पीएच.डी.च्या प्रबंधांची संगणकीय प्रत जमा करण्याचा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली केला. ‘शोधगंगा’ या भांडारात आज देशातील विद्यापीठांचे प्रबंध कोणालाही वाचता येतात. २०१२ साली केंद्र शासनाने सार्वजनिक पैशांतून जमविलेली व संवेदनशील नसलेली माहिती खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. प्रबंध खुले झाले, ही मोठीच गोष्ट होय. प्रबंधामागील मूळ नोंदीही तशाच जपल्या जाव्यात, ही पुढची पायरी आहे.

हा विचार आता आपल्या गोव्याच्या मातीला लावून पाहू. आपल्या खाजन जमिनी भरतीच्या पाण्याहून खालच्या पातळीवर आहेत. बांध आणि मानस यांनीच त्या तगल्या आहेत. बांध फुटला की शेतात खारे पाणी शिरते, कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भातही जेरीस येते, आणि मानशीतील मासळीची पावणी व भातशेती यांच्यातील जुना वाद पुन्हा डोके वर काढतो. हा प्रश्न कोणत्या एका शास्त्राचा? मातीतील क्षार कृषितज्ज्ञ मोजतो, समुद्राची पातळी सागरशास्त्रज्ञ पाहतो, मासे प्राणिशास्त्रज्ञ मोजतो. बांधाच्या दुरुस्तीचा खर्च कोणी करावा, याची जुनी वहिवाट कोमुनिदादीच्या पोर्तुगीज दप्तरांत इतिहासकार वाचतो, आणि कुळांचे हक्क कायद्याचा अभ्यासक सांगतो. पाच जणांच्या पाच वह्या पाच कपाटांत राहिल्या, तर फुटलेल्या बांधाचे कोडे अर्धेच उलगडेल. त्या एकत्र ठेवल्या, एकच गाव, एकच बांध व एकच वर्ष यांच्या खुणेने जुळविल्या, तर कोणता बांध आधी सावरावा हे पंचायतीला अधिक नेमकेपणाने ठरविता येईल.

म्हणून शेवटी तीन विनंत्या करतो.

शिक्षकांना माझी विनंती अशी की, शाळेच्या आवारात पर्जन्यमापक असेल तर त्याची नोंद एकही दिवस चुकवू नका, आणि मुलांना तारीख, माप व नोंद करणाऱ्याचे नाव लिहिण्याची सवय लावा. संशोधनाची शिस्त येथूनच सुरू होते.

अधिकारी बंधूंना विनंती अशी की, एखाद्या संशोधकाला सहकार्य देताना, काम संपल्यावर त्याची सामग्री विद्यापीठाच्या भांडारात कोठे जमा होणार आहे, हे आरंभीच विचारून घ्यावे. कार्यालयात पडून असलेली जुनी नोंदपुस्तके रद्दीत घालण्यापूर्वी एखाद्या अभ्यासकाच्या नजरेखालून जाऊ द्यावीत.

आणि ग्रामस्थांनो, तुमच्या ओसरीवर कोणी वही घेऊन आला तर त्याला जरूर बसवून घ्या, खरी उत्तरे द्या. पण त्यालाही दोन प्रश्न विचारा : ‘आमची नावे उघड होणार नाहीत ना? आणि यातून जे निघेल ते आम्हांला आमच्या भाषेत कधी सांगणार?’ हे विचारण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर जशी तुमच्या जमिनीची नोंद असते, तशी संशोधनाच्या सामग्रीत तुमच्या श्रमांची व अनुभवाची नोंद असते. ती नोंद विद्येच्या सर्व शाखांना उपयोगी पडावी आणि तिचे फळ गावाकडे परत यावे, एवढीच अपेक्षा आहे.