इंचाहून एक सूत जास्त

(कट्टा, ता. मालवण येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)

‘तो तसूभरही मागे हटला नाही’ असे मराठी माणूस सहज म्हणून जातो. तसू म्हणजे नेमके किती, असे विचारले की बोटाच्या पेरावर अंगठा टेकवून ‘एवढेसे’ म्हणतो. तसू हे मोजमाप आहे. सुताराच्या गजावरचे ते एक घर आणि अशी २४ घरे मिळून गज. गज सुताराच्या हातातून गेला, शब्द मात्र तोंडात राहिला. तो गज पुन्हा समोर आला तर ओळखायचा कसा, हा आजचा विषय.

तो समोर येतोही. कट्ट्याच्या पंचक्रोशीत जुनी मातीची, चिऱ्याची घरे उतरवताना माळ्यावर एखादी सुतारी पेटी सापडते. रंधा, वाकस, पटाशी, गिरमिट चटकन ओळखू येतात. आकडे नसलेली, नुसत्या खाचा पाडलेली काठी मात्र ‘कापड मोजायची असेल’ म्हणून चुलीकडे जाते. फणस, ऐन आणि किंजळीच्या लाकडावर ज्या मापाने घरे उभी राहिली, ते माप पाणी तापवण्यात संपते.

ओळख पटवायला तर्क लढवण्यापेक्षा मोजणे बरे. मुंबईकडच्या जुन्या कोष्टकात १६ तसूंचा हात आणि २४ तसूंचा गज. हात १८ इंचांचा, म्हणजे गज २७ इंचांचा. मग एक तसू किती? एक इंच आणि वर एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे आजही कुठल्याही मेस्त्रीला सांगावे लागत नाही. तेव्हा काठीला स्टीलची टेप लावावी. पहिली खाच इंचाच्या एक सूत पुढे पडेल, दुसरी दोन सूत, आणि आठव्या खाचेशी टेपेवर बरोबर ९ इंच दिसतील. असे जुळले तर ती शाळेची पट्टी नव्हे, तसूंचा गज आहे. मिलिमीटरमध्ये हे घर साधारण २८.६ भरते.

आणि जुळले नाही तर? तरी काठी टाकून देऊ नये. गजाची लांबी सगळीकडे सारखी कधीच नव्हती. ‘आईन-ए-अकबरी’त लांब, मध्यम आणि आखूड असे तीन गज नोंदले आहेत. जमिनीला एक, इमारतीला दुसरा, कापडाला तिसरा. प्रत्येकाचे भाग मात्र २४ आणि भागाचे नाव ‘तस्सूज’. आपला तसू त्याच घराण्यातला. म्हणून आधी घरे मोजावीत, लांबी मागाहून.

चोवीसच का, याचे उत्तर सुताराच्या कामात आहे. चोवीसाचे निम्मे, तिसरा, चौथा, सहावा, आठवा भाग अपूर्णांकाशिवाय निघतात. दाराच्या फळीचे तीन दिलहे पाडायचे असोत की चार, कागद-पेन्सिल लागत नाही. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तही हात २४ अंगुळांचाच. पण तिथेच करवतीने लाकूड कापणाऱ्या सुतारासाठी ४२ अंगुळांचे वेगळे माप आहे आणि वनातल्या लाकडासाठी ५४ अंगुळांचा हात. लाकडाचे माप इतर मापांहून वेगळे ठेवण्याची रीत इतकी जुनी आहे. हे माहीत नसले की लांब काठीला आपण ‘चुकीची’ ठरवतो.

पेटीतली दुसरी चीज गजाहूनही गोंधळात टाकते. पिवळसर, गुळगुळीत बॉक्सवूडची, पितळी बिजागरीने मिटणारी दोन फुटी पट्टी. मुंबईच्या गोदीत, रेल्वेच्या कारखान्यात राबलेले चाकरमानी अशी हत्यारे गावी आणत. बर्मिंगहॅमच्या जॉन रेबोन कंपनीचा छाप त्यांवर पुष्कळदा असतो. यातल्या काहींच्या एका बाजूत सरकणारी पितळी पट्टी असते आणि तिच्या अंगाला ए, बी, सी, डी अशी अक्षरे. आकडे सारख्या अंतरावर नसतात, पुढे पुढे दाटत जातात. पाहणाऱ्याला वाटते, छापणाराच चुकला.

तो चुकलेला नाही. हे लाकूड मोजण्याचे गणितयंत्र आहे. हेन्री कॉगशॉल या इंग्रजाने १६७७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. खूण पटवायची तर डी रेघ पाहावी. ती १ पासून नव्हे, ४ पासून सुरू होऊन ४० वर संपते. सी रेघेवर ओंडक्याची लांबी फुटांत धरून ती डी वरच्या १२ समोर आणायची, मग ओंडक्याच्या घेराचा चौथा हिस्सा इंचांत डी वर शोधायचा. त्याच्या समोर सी वर जो आकडा येईल तितके घनफूट लाकूड. दहा फूट लांब आणि ७२ इंच घेराचा ऐनाचा ओंडका घ्या. घेराचा चौथा हिस्सा १८, आणि पट्टी सांगते २२.५ घनफूट.

खरे घनफळ मात्र साडेअठ्ठावीसच्या वर जाते. हा फरक पट्टीचा दोष नव्हे. चौथाई घेराची रीतच अशी आहे की गोल ओंडक्याचे सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच मोजले जातात. साल आणि कडेच्या फळकुटांची नासाडी त्यातच धरलेली असते. एडवर्ड हॉपस याने १७३६ मध्ये या रीतीची कोष्टके छापली आणि ब्रह्मदेशचा साग पुढे त्याच्याच नावाच्या टनाने विकला गेला. गिऱ्हाईक आणि व्यापारी दोघांनी मान्य केलेला हा हिशेब होता, आणि तो खिशात मावत होता.

आणखी एक फसवी पट्टी सांगायला हवी. दोन फुटांची म्हणून हातात येते आणि टेपेला लावली तर २४ इंचांवर दोन सूत जास्त भरते. ओतकामाचे लाकडी साचे करणाऱ्याची ती पट्टी. बिडाचा रस थंड होताना आक्रसतो, फुटाला सुमारे एक सूत, म्हणून साचा तेवढा मोठा करायचा. तिला भंगारात टाकणे म्हणजे एका कसबी कारागिराला खोटे ठरवणे आहे.

१९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे आली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. व्यवहाराला ते सोयीचेच झाले. पण मोजण्याच्या जुन्या काठ्यांची नोंद गावोगाव कुणी ठेवली नाही, ही खंत आहे.

तेव्हा विनंती एवढीच. घरी अशी काठी निघाली तर तिला पॉलिशपेपर मारू नका, वॉर्निश लावू नका. खाचांतला काळपटपणा हाच तिचा पुरावा असतो. घरे मोजा, टेप लावा, दोन्ही आकडे कागदावर लिहा. काठी कुणाची होती आणि तिने कोणते घर, कोणती होडी, कोणते देऊळ मोजले, हे सांगणारे कुणी वडीलधारे घरात असेल तर त्यांना याच आठवड्यात विचारा आणि तो कागद काठीलाच बांधून ठेवा.